तिकीट, जाहिरात आणि वर्गणी : 'स्टार ट्रेक'च्या कथनरूपाचा विचार

१

विज्ञानकथेची चर्चा करताना समीक्षेचे लक्ष प्रामुख्याने तिच्या आशयसूत्रांकडे जाते. यंत्रमानव, परग्रहवासी, कालप्रवास ही सूत्रे कोणत्या आकाराच्या कथनातून आणि कोणत्या व्यवहारातून प्रेक्षकापर्यंत पोहोचतात, हा प्रश्न मात्र धंद्याचा म्हणून बाजूला ठेवला जातो. ही विभागणी निदान एका बाबतीत टिकत नाही. अनेक लेखकांच्या हातून, अनेक दशके वाढत जाणारे आणि तरीही एखाद्या कंपनीच्या मालकीचे असणारे कथाविश्व, ज्याला रूढ भाषेत 'फ्रँचाइज' म्हटले जाते, ते मुळातच कथन आणि व्यवहार यांच्या संयोगातून जन्मलेले असते. त्याचा रूपविचार व्यवहाराला वगळून करता येत नाही. आणि केवळ व्यवहाराचा हिशेब मांडून तो पुराही होत नाही.

'स्टार ट्रेक' हे या दृष्टीने विशेष बोलके उदाहरण आहे. १९७९ ते २०१६ या काळात या कथाविश्वावर तेरा चित्रपट निघाले. २०१६ च्या 'स्टार ट्रेक बियाँड'नंतर २०२५ अखेरपर्यंत चित्रपटगृहात एकही चित्रपट आला नाही. याउलट २०१७ ते २०२२ या अवघ्या पाच वर्षांत स्ट्रीमिंगच्या माध्यमातून 'डिस्कव्हरी', 'पिकार्ड', 'लोअर डेक्स', 'प्रॉडिजी' आणि 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' अशा पाच मालिका सुरू झाल्या. या बदलाचे नेहमीचे स्पष्टीकरण आर्थिक असते, आणि ते खोटे नाही. 'बियाँड'चा निर्मितिखर्च सुमारे १८.५ कोटी डॉलर होता आणि जगभरातील तिकीटविक्री सुमारे ३४ कोटी डॉलर. तिकिटाच्या रकमेतला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो, शिवाय जाहिरातीचा खर्च वेगळा असतो, हे ध्यानात घेता हा व्यवहार किफायतशीर ठरत नाही. त्यातच २००५ च्या अखेरीस व्हायकॉम या मूळ कंपनीची विभागणी होऊन दूरचित्रवाणी मालिकांचे हक्क सीबीएसकडे आणि चित्रपटांचे हक्क पॅरामाउंटकडे गेले होते. २०१७ मध्ये स्वतःच्या नव्या स्ट्रीमिंग सेवेसाठी ओळखीचे नाव हवे असलेल्या सीबीएसने हाताशी असलेल्या हक्कांचा उपयोग केला. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्या पुन्हा एकत्र आल्या, तोवर दिशा ठरून गेली होती.

परंतु हे स्पष्टीकरण 'का'चे उत्तर देते, 'कशासाठी'चे नव्हे. कंपनीला काय परवडते हे त्यातून कळते. कथेला काय मानवते हे कळत नाही. या कथाविश्वाच्या रूपात असे काही आहे काय, की जे चित्रपटात आक्रसते आणि भागांच्या मालिकेत फुलते? असल्यास स्ट्रीमिंग त्याला खरोखर अवकाश देते काय? या दोन प्रश्नांची उत्तरे एकच नाहीत, हे येथे दाखवावयाचे आहे.

२

कथनाचा प्रत्येक सार्वजनिक व्यवहार प्रेक्षकाला एक विशिष्ट 'नग' विकत असतो. चित्रपटगृह तिकीट विकते. म्हणजे एक घटना विकते. जाहिरातींवर चालणारी दूरचित्रवाणी प्रेक्षकाला काही विकत नाही. ती प्रेक्षकाचा तास जाहिरातदाराला विकते. स्ट्रीमिंग वर्गणी घेते. म्हणजे सवय विकते. या तीन नगांचे तीन घाट आहेत. घटनेला अपूर्वता लागते. तासाला पुनरावृत्ती लागते, कारण पुढच्या आठवड्यात तोच तास पुन्हा भरावयाचा असतो. सवयीला सातत्य लागते, कारण वर्गणीदार महिन्याच्या अखेरीस निघून जाऊ शकतो.

'स्टार ट्रेक'चा जन्म तासाच्या व्यवहारात झाला. जीन रॉडनबेरी यांची ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. तिचा सांगाडा साधा होता. एक जहाज, ठरलेला चमू आणि दर आठवड्याला एक नवे ठिकाण. हे नवे ठिकाण म्हणजे वस्तुतः एक गृहीतक असते. एखाद्या समाजाने युद्ध संगणकावर सोपवले तर काय होईल? एखाद्या भल्या माणसाचा मृत्यू इतिहासासाठी आवश्यक असेल तर? भागाच्या प्रारंभी गृहीतक मांडले जाते, मध्यात त्याची चर्चा आणि कसोटी होते, शेवटी जहाज पुढे निघते. जहाज पुढे निघणे ही या रूपबंधातली सर्वांत महत्त्वाची क्रिया आहे. निष्कर्ष अपुरा राहिला तरी चालतो, कारण कथाविश्व त्या एका निष्कर्षावर उभे नसते.

डार्को सुविन यांनी १९७० च्या दशकात विज्ञानकथेचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून बोधात्मक अपरिचितीकरणाची संकल्पना मांडली. परिचित वास्तवाला एका नव्या घटकाचा धक्का देऊन त्याची तर्कशुद्ध फलिते पाहणे हा तिचा गाभा. ही प्रक्रिया एका कथाविश्वात अनेकदा घडवावयाची असेल, तर धक्का लागणारा भाग आणि स्थिर राहणारा भाग वेगळे असावे लागतात. चमू स्थिर राहतो म्हणून प्रश्न बदलू शकतो. उंबेर्तो एको यांनी १९८५ च्या सुमारास मालिकारूपाविषयी लिहिताना पुनरावृत्ती आणि नावीन्य यांचे द्वंद्व कलेच्या विरोधात नसून तिच्या अंतर्गतच असते, असे सुचवले होते. 'स्टार ट्रेक'च्या संदर्भात पुनरावृत्ती हीच नावीन्याची पूर्वअट ठरते.

खंडशः कथनाचा हा अनुभव साहित्याला नवा नाही. डिकन्सच्या कादंबऱ्या मासिक अंकांतून आल्या. मराठीत हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः येत होती. पण तेथे खंड हा एका दीर्घ संहितेचा अंश होता. 'स्टार ट्रेक'मधला भाग हा अंश नसून एकक आहे. तो कादंबरीच्या प्रकरणापेक्षा कथासंग्रहातल्या कथेला अधिक जवळचा आहे. फरक एवढाच, की या संग्रहातली पात्रे तीच राहतात.

३

तीन घाटांमधला फरक तत्त्वतः मांडण्यापेक्षा एकाच आशयसूत्राचा त्यांतील प्रवास पाहणे अधिक उपयोगी ठरेल. असे सूत्र 'नेक्स्ट जनरेशन' (१९८७–९४) या मालिकेतील डेटा या यंत्रमानवाच्या रूपाने उपलब्ध आहे. निर्मित जीव हा व्यक्ती आहे की मालमत्ता, हा प्रश्न त्याच्याभोवती १९८९ मध्ये एका भागात, २००२ मध्ये एका चित्रपटात आणि २०२० मध्ये एका स्ट्रीमिंग मालिकेत आला आहे.

मेलिंडा स्नॉडग्रास यांनी लिहिलेला 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग फेब्रुवारी १९८९ मधला. मॅडॉक्स नावाचा शास्त्रज्ञ डेटाचे भाग सुटे करून त्याच्यासारखे अनेक घडवू इच्छितो. डेटा राजीनामा देतो. मालमत्तेला राजीनामा देता येतो काय, असा प्रश्न उपस्थित होऊन सुनावणी होते. अधिकारी अपुरे असल्यामुळे डेटाचा मित्र रायकर यालाच त्याच्या विरोधात बाजू मांडावी लागते. त्याने नकार दिला तर निकाल आपोआप डेटाच्या विरोधात जाणार असतो. रायकर आपले काम चोख करतो. डेटाचा हात तो काढून दाखवतो, आणि अखेर कळ दाबून त्याला बंद करतो. या भागात लढाई नाही, स्फोट नाही, खलपुरुषही नाही; मॅडॉक्स हा केवळ चुकीचा आहे, दुष्ट नाही. निर्णायक वळण येते ते गायनन या पात्राशी झालेल्या शांत संभाषणातून. असे हजारो डेटा निर्माण झाले तर त्यांचे काय होईल, असा तिचा रोख असतो आणि 'मालमत्ता' या शब्दाआड दडलेला 'गुलामगिरी' हा शब्द कॅप्टन पिकार्डला दिसतो. ही भूमिका वूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली आहे, ही गोष्ट संहितेत कोठेही उच्चारलेली नाही आणि तरीही अर्थनिर्मितीत ती पूर्णपणे सहभागी आहे.

निकाल डेटाच्या बाजूने लागतो. पण त्याला आत्मा आहे काय, हे न्यायाधिकारी ठरवीत नाही. तो शोध स्वतः घेण्याचे स्वातंत्र्य ती त्याला देते. अखेरच्या दृश्यात अपराधी रायकरला डेटा सांगतो, की त्याने स्वतःला दुखवून आपल्याला वाचवले. ही अपूर्णता आणि ही मैत्री दोन्ही अर्थपूर्ण ठरतात, कारण पुढच्या आठवड्यात हे दोघे त्याच जहाजावर काम करणार असतात. निकालाचे वजन त्या उद्याच्या दैनंदिनतेत आहे.

'नेमेसिस' (२००२) या चित्रपटात हेच सूत्र पुन्हा येते. पिकार्डची प्रतिकृती आणि डेटाची प्रतिकृती अशा जोड्या योजून 'घडवलेला जीव कशामुळे स्वतः होतो' असा प्रश्न संहिता सुचवते. पण तिकिटाला घटना हवी असते. प्रश्न म्हणून उभी राहिलेली प्रतिकृती खलपुरुष बनते, खलपुरुषाजवळ संहारक अस्त्र येते, आणि डेटा ते अस्त्र नष्ट करताना स्वतः नष्ट होतो. व्यक्तित्वाच्या प्रश्नाचे उत्तर हौतात्म्याने दिले जाते. हौतात्म्य हे युक्तिवादाचे उत्तर नसते. ते युक्तिवाद थांबवते. सुझन सोंटॅग यांनी १९६५ मधल्या एका निबंधात विज्ञानचित्रपटांचा खरा विषय विज्ञान नसून विध्वंस असल्याचे प्रतिपादन केले होते. फ्रँचाइजच्या चित्रपटांबाबत हे निरीक्षण अधिकच खरे ठरते, कारण तेथे प्रत्येक चित्रपटाला मागच्यापेक्षा मोठा विध्वंस द्यावा लागतो.

येथे एक आक्षेप संभवतो. '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८), तारकोव्स्कीचा 'सोलारिस' (१९७२) किंवा 'अरायव्हल' (२०१६) हे चित्रपट चिंतनशील नाहीत काय? निःसंशय आहेत. पण त्या एकेकट्या कलाकृती आहेत. आधीच्या चित्रपटाची अपेक्षा पुरवण्याचे आणि पुढच्याची सोय करून ठेवण्याचे ओझे त्यांच्यावर नाही. अडचण चित्रपटकलेची नसून फ्रँचाइजमधल्या चित्रपटाची आहे. खुद्द 'स्टार ट्रेक'मध्ये १९७९ चा पहिला चित्रपट चिंतनशील होता. मुळात नव्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी बेतलेले कथाबीज 'स्टार वॉर्स'च्या यशानंतर चित्रपटाकडे वळवण्यात आले आणि त्यावर चार कोटींहून अधिक डॉलर खर्च झाले. कंपनीने त्यापासून घेतलेला धडा असा, की १९८२ चा 'द रॅथ ऑफ खान' त्याच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात झाला आणि त्यात १९६७ च्या एका भागातला खलपुरुष परत आला. तो चित्रपट उत्तम आहे. पण त्याच्या यशाने सूड हाच पुढील अनेक चित्रपटांचा साचा ठरवून टाकला. खलपुरुष नसलेला 'द व्हॉयेज होम' (१९८६) हा लक्षणीय अपवाद. त्याचे यश असे, की तो मनाने एक भागच आहे. प्रेक्षकाची पात्रांशी जुनी ओळख गृहीत धरून तो निर्धास्तपणे विनोद करतो.

४

तर मग स्ट्रीमिंग हे भागाच्या रूपबंधाचे पुनरागमन मानावे काय? पहिल्या काही वर्षांचा पुरावा उलट दिशेचा आहे.

२०२० मधल्या 'पिकार्ड' मालिकेच्या पहिल्या पर्वाने १९८९ चाच प्रश्न हाती घेतला. मॅडॉक्स हे पात्रही परत आणले. कृत्रिम जीवांवर बंदी आली आहे, एका हल्ल्याचे खापर त्यांच्यावर फुटले आहे आणि आपल्याच तत्त्वांपासून ढळलेल्या संस्थेचा निषेध म्हणून पिकार्ड निवृत्त झाला आहे. प्रारंभ अतिशय आशादायक आहे. पण हे पर्व दहा भागांचे असूनही त्यात दहा एकके नाहीत. दहा तासांत पसरलेली एकच घटना आहे. म्हणून शेवटी दोन आरमारे समोरासमोर येतात, आकाशाला भगदाड पडून समस्त जैव सृष्टीचा संहार करू पाहणाऱ्या शक्ती डोकावतात, आणि बंदी उठल्याची वार्ता ओघात एका वाक्यात कळते. १९८९ मध्ये जे सुनावणीतून मिळवावे लागले होते, ते येथे संकट टळल्याचे बक्षीस म्हणून मिळते. या कथाविश्वाच्या दृष्टीने हा फरक तंत्राचा नाही, मूल्याचा आहे. न्याय हा युक्तिवादाने मिळतो की पराक्रमाने, या प्रश्नाचे उत्तर कथनाच्या घाटाने परस्पर देऊन टाकले आहे.

'डिस्कव्हरी'च्या पाच पर्वांतही (२०१७–२४) हीच प्रवृत्ती दिसते. युद्ध, सर्व सजीवांना संपवू पाहणारी यंत्रबुद्धी, आकाशगंगेतली वाहतूक ठप्प करणारी आपत्ती, ग्रह गिळणारी विकृती असा चढता क्रम आहे. वर्गणीदाराने थांबू नये म्हणून प्रत्येक भाग अर्ध्यावर सोडला जातो, आणि इतके ताणलेले कुतूहल सार्थ ठरावे म्हणून धोका वैश्विक करावा लागतो. चित्रपटाची अपूर्वता आणि वर्गणीचे सातत्य यांचा हा संकर आहे. त्यात भागाची मोकळीक हरवते.

मोकळीक हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. 'नेक्स्ट जनरेशन'च्या एका पर्वात बहुधा २६ भाग असत. इतके भाग भरताना काही फसत, काही केवळ वेळ निभावून नेत. समीक्षेत याला 'भरती' म्हणून हिणवले जाते. परंतु मोजक्या नेपथ्यात, संवादांवर उभे राहणारे 'द मेझर ऑफ अ मॅन'सारखे भागही याच गरजेच्या पोटी शक्य झाले. सव्वीस जागा असतील तर एक जागा सुनावणीला देता येते. दहाच जागा असतील आणि प्रत्येकीवर चित्रपटाइतके लक्ष नि पैसा लागला असेल, तर धाडसाची किंमत वाढते. १९८७ ते २००५ या अठरा वर्षांत चार मालिकांचे सव्वासहाशेच्या आसपास भाग निघाले. त्या विपुलतेतला बराच अंश विसरण्याजोगा आहे, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की उरलेला अंश त्या विपुलतेवाचून संभवला नसता.

तथापि स्ट्रीमिंगचा घाट अटळ नाही, हेही याच कथाविश्वाने दाखवले. २०२२ मध्ये आलेल्या 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'ने दहा भागांची मर्यादा स्वीकारून एकक म्हणून भाग पुन्हा प्रस्थापित केला. जून २०२३ मधला 'अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा पर अ‍ॅस्पेरा' हा भाग पुन्हा एक सुनावणी आहे. जनुकीय बदल केलेल्या वंशातली ऊना ही अधिकारी आपली ओळख लपवून सेवेत आली म्हणून तिच्यावर खटला चालतो. तिची वकील नीरा हिचा युक्तिवाद कायद्यातल्याच आश्रयाच्या तरतुदीवर उभा राहतो. ऊना सुटते, पण कायदा तसाच राहतो. एका व्यक्तीला न्याय मिळाला आणि व्यवस्था बदलली नाही, हा अपुरा, अस्वस्थ करणारा निष्कर्ष भागाला झेपतो, कारण जहाज पुढे निघणार असते. १९८९ ची आठवण करून देणारा हा भाग अनुकरण वाटत नाही, कारण त्याने मागच्या भागातले पात्र वा प्रसंग न उचलता त्याची पद्धत उचलली आहे.

याच्या उलट टोकाला जानेवारी २०२५ मधला 'सेक्शन ३१' आहे. मालिका म्हणून योजलेली ही कथा अखेर चित्रपट होऊन थेट स्ट्रीमिंगवर आली, आणि तिचे स्वागत थंडे झाले. पडदा घरातला, पण घाट तिकिटाचा, असे तिचे वर्णन करता येईल. माध्यम बदलल्याने रूप आपोआप बदलत नाही, याचा इतका सोपा दाखला शोधून मिळाला नसता.

५

रूपाच्या प्रश्नाला जोडूनच जतनाचा आणि सार्वजनिकतेचा प्रश्न येतो. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचा स्वभाव 'प्रवाह' या संकल्पनेने सांगितला; सुटे कार्यक्रम नव्हे, तर एकातून दुसऱ्यात वाहणारी अखंडता हा प्रेक्षकाचा खरा अनुभव. 'स्टार ट्रेक'चे दुसरे आयुष्य या प्रवाहानेच घडवले. १९६९ मध्ये बंद पडलेली मालिका १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांवर रोज पुनःप्रक्षेपित होत राहिली. जो प्रेक्षक तिला शोधत नव्हता, त्याच्यासमोर ती आली. कोणताही भाग, कोणत्याही क्रमाने. भाग स्वयंपूर्ण होते म्हणूनच हे शक्य झाले. व्यापारी दृष्ट्या अपयशी ठरलेली संहिता अशा रीतीने एका समाजाची समान स्मृती बनली.

वर्गणीच्या व्यवहारात ही वाट बंद होते. तेथे संहितेपर्यंत पोहोचण्यासाठी आधी ती हवी असावी लागते. शिवाय ती केव्हाही काढून घेता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'डिस्कव्हरी'चे चौथे पर्व काही दिवसांवर आले असताना अमेरिकेबाहेरच्या नेटफ्लिक्सवरून मालिका हटवण्यात आली. २०२३ च्या जूनमध्ये 'प्रॉडिजी' ही मालिका तिच्या मालक कंपनीनेच आपल्या सेवेवरून काढली. ती वर्षअखेरीस नेटफ्लिक्सवर आली आणि तिचे तयार झालेले दुसरे पर्व २०२४ मध्ये तेथेच प्रदर्शित झाले. पुस्तकाची आवृत्ती संपते, पण ग्रंथालयातली प्रत राहते. येथे प्रत ही गोष्टच प्रेक्षकाच्या हाती नसते. ज्या कथाविश्वाचा पुनर्जन्म अनपेक्षित पुनर्भेटीतून झाला, त्याला हा व्यवहार पुनर्भेटीची हमी देत नाही.

तेव्हा विज्ञानकथेच्या फ्रँचाइजने चित्रपटापेक्षा स्ट्रीमिंगला पसंती द्यावी काय, या प्रश्नाचा पाया थोडा सरकवणे आवश्यक ठरते. 'स्टार ट्रेक'पुरते उत्तर असे, की पसंती माध्यमाला नसून भागाला द्यावयास हवी. चित्रपटगृहापेक्षा स्ट्रीमिंग त्याला अनुकूल आहे, कारण तिकिटाप्रमाणे ते प्रत्येक वेळी घटना मागत नाही. पण तेथे मिळालेली जागा एका लांबलेल्या घटनेने भरली, तर मिळवलेले सारे पुन्हा गमावले जाते. ज्याचा जन्मच चित्रपटगृहात झाला त्या 'स्टार वॉर्स'सारख्या कथाविश्वाला वेगळे निकष लागू होतील. तेथे मूळ एकक वीरगाथेचे आहे आणि त्या गाथेला मोठा पडदा मानवतो.

विज्ञानकथेच्या समीक्षेला यातून एक कार्यदिशा मिळते. कथाविश्वातील कल्पना किती धाडसी आहेत एवढेच पाहून चालणार नाही. त्या कल्पनांना चुकण्याची, अपुरे राहण्याची आणि पुन्हा मांडले जाण्याची मुभा कथनाचा घाट देतो काय, हे पाहावे लागेल. एका यंत्रमानवाला व्यक्ती ठरवण्यासाठी १९८९ मध्ये एक खोली, चार-पाच पात्रे आणि पाऊण तास पुरला. पुढे अस्त्रे आली, आरमारे आली, आकाश फाटले. प्रश्न मात्र त्या खोलीत जितका स्पष्ट ऐकू आला होता, तितका पुन्हा आला तो २०२३ च्या तशाच एका खोलीत.